अपडेटनंतर लॅपटॉपची बॅटरी दीड तासात खलास – खानापूर भागात पावसाळा काढायचा कसा?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूरच्या पुढे, जांबोटी रस्त्याला लागून असलेल्या एका गावात राहते. बेळगावातल्या एका कर सल्लागारांचं काम घरून करते. दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, बँकेची जुळवाजुळव असलं काम. लॅपटॉप चार वर्षांचा, साधा ऑफिसी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे ठाऊक होतं, पण सुरळीत चाललंय म्हणून हात लावला नव्हता. शेवटी सर म्हणाले, लोकांचे हिशेब आहेत, जुन्यावर ठेवू नका. पावसाच्या तोंडावर विंडोज ११ करून घेतलं.

तेव्हापासून बॅटरीचं काही खरं नाही. आधी लाईट गेली तरी साडेतीन तास निघायचे, आता दीड तासात मशीन बंद. पंखा सारखा घरघरतो. दुसरा त्रास म्हणजे झाकण लावून बॅगेत टाकलं आणि बसने बेळगाव गाठलं की बॅग गरम लागते आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते.

आमच्याकडे आषाढात तारेवर एक फांदी पडली की लाईट कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ आणि २० तारीख मात्र पावसासाठी थांबत नाही. अपडेट काढून टाकू का? की बॅटरी बदलू? जाणकारांनी सांगावं.

उद्यमबाग-लेथ
चार वर्षं झाली ना? बॅटरी बदला. विषय संपला.

मच्छे-हॉस्टेल
बदलू नका ताई, आधी रोलबॅक मारा, म्हणजे जुन्या विंडोजवर परत जा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथं ‘गो बॅक’ असतं. माझ्या रूममेटनं तेच केलं.

मलप्रभाकाठ
तिथे बघितलं. बटण फिकट झालंय, दाबलं जात नाही.

मच्छे-हॉस्टेल
मग १० दिवस उलटले असणार. तेवढीच मुदत असते, नंतर जुन्या विंडोजच्या फायली ते स्वतःच पुसून टाकतं.

कुंदाबहाद्दर
विंडोज सोडून लिनक्स टाका, कुंदा खा, निवांत राहा.

खडेबाजार-सोल्डर
ताई, रोलबॅकचं बटण फिकट झालं तेच बरं झालं म्हणा. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड ठेवायचे, ते पण बॅटरीसाठी? नको ओ.

मी दुकानात रोज हेच बघतोय. माणूस येतंय, म्हणतंय “अपडेट झालं आणि बॅटरी गेली.” दुसरं माणूस म्हणतंय “बॅटरीच खराब, नवीन घाला.” दोघांनी पण मोजलेलं नसतंय. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी धरा. टाकीत किती मावतंय हे एक, आणि नळ किती सुटलाय हे दुसरं. टाकी लहान झाली तरी पाणी लवकर संपतंय, नळ मोठा सुटला तरी लवकर संपतंय. घड्याळात दोन्ही सारखंच दिसतंय, खरं इलाज वेगळा.

टाकी वॅट-तासांत मोजायची, नळ वॅटमध्ये. साध्या ऑफिसी लॅपटॉपला टायपिंग करताना ६ ते ८ वॅट पुरतात. तुमचा किती खातोय ते आधी बघा.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा, टर्मिनल उघडा. त्यात ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’. सगळं इंग्रजी अक्षरांत, आणि एंटर. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. खाली ‘बॅटरी युसेज’मध्ये किती वेळात किती ऊर्जा गेली ते असतंय. तीन गोष्टी इथं लिहा, मग बोलूया.

मलप्रभाकाठ
काका, केलं. पण फाइल सापडत नाही.

खडेबाजार-सोल्डर
टर्मिनल ‘ॲडमिन’ म्हणून उघडलाय काय? तसं असलं तर ती कधी कधी विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये जाऊन बसते. साधं उघडलं तर तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये येते. एंटर मारल्यावर खाली पूर्ण पत्ता लिहून येतो, तो वाचा.

मलप्रभाकाठ
सापडली. डिझाइन ४१,००० आणि फुल चार्ज २४,६००, दोन्ही मिलीवॅट-तास. सायकल काउंटच्या जागी नुसती रेघ आहे. परवा लाईट गेली होती त्या ओळीत १ तास १० मिनिटं आणि १८,७०० असं दिसतंय.

उद्यमबाग-लेथ
म्हणजे ६० टक्केच राहिली. मी काय म्हणालो होतो?

मच्छे-हॉस्टेल
आणि १८.७ भागिले १ तास १० मिनिटं म्हणजे १६ वॅट! टायपिंगला १६ वॅट? मी काय म्हणालो होतो?

खडेबाजार-सोल्डर
दोघं पण अर्धं अर्धं बरोबर, बसा आता.

हिशेब बघा. ४१ ची टाकी २४.६ वर आली. एवढी झीज पंधरा-वीस दिवसांत होत नसतेय, ती वर्षानुवर्षाची आहे. म्हणजे अपडेटच्या आदल्या दिवशी पण तुमची बॅटरी जवळजवळ एवढीच होती. तेव्हा साडेतीन तास निघायचे म्हणजे २४.६ भागिले साडेतीन, ७ वॅट. आता १६ वॅट. अपडेटच्या आसपास जे बदललं ते नळाचं, टाकीचं नव्हे. नवीन घेतला तेव्हा सहा तासांच्या जवळपास जात होता ना?

मलप्रभाकाठ
हो, अगदी. दुपारी जेवून बसलं की दिवेलागणीपर्यंत चार्जरची आठवण यायची नाही. कमी कधी झालं ते कळलंच नाही. घरात असताना चार्जर कायम लावलेलाच असतो.

खडेबाजार-सोल्डर
तिथंच तर आहे सगळं. आपल्या भागात लाईटचा भरवसा नाही म्हणून प्रत्येकजण चार्जर लावूनच ठेवतोय. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मारतात, एक उष्णता आणि दुसरं म्हणजे १०० टक्क्यांवर दिवसेंदिवस बसून राहणं. म्हणजे लाईट जाईल म्हणून जपून ठेवलेली बॅटरी जपल्यामुळंच झिजतेय. वर लाईट असेपर्यंत ती झिजलेली कळत पण नाही. कळतंय कधी, तर पावसाळ्यात. आणि त्याच महिन्यात कुठलं तरी अपडेट झालेलं असतंय, मग सगळं खापर त्याच्यावर.

असो. आता ९ वॅट जास्त कुठं चाललेत ते शोधायचं. अपडेट झाल्यावर सुरुवातीचे दोन-चार दिवस मशीन जास्त खातंच. सगळ्या फायलींची शोधसूची नव्यानं करायची, व्हायरसची तपासणी, मागं राहिलेले छोटे अपडेट, हे सगळं पाठीमागं चालतंय. चार्जर लावून एक-दोन रात्री तसंच चालू ठेवलं की संपतंय. तुमचे ते दिवस होऊन गेले, म्हणून दुसरं काहीतरी आहे. सेटिंग्जमध्ये पॉवर अँड बॅटरी उघडा. पॉवर मोड कुठला दिसतोय? आणि खाली ॲपवार बॅटरी कोण खातंय त्यातली वरची नावं सांगा.

निपाणीकर
मधीच घुसतोय, माफी असावी. माझं पण अपडेटनंतर असंच झालंय, खरं माझ्यात आणखी एक भानगड हाय. ब्राइटनेस कमीच होत नाही. कळ दाबून दाबून बोट दुखलं. स्क्रीन कायम फुल्ल, आणि यूट्यूब लावलं की पंखा इमानासारखा.

मच्छे-हॉस्टेल
दादा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’मध्ये काय लिहिलंय? ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही. मग व्हिडिओ उलगडायचं सगळं काम प्रोसेसरवर येतं, ब्राइटनेसही हातात राहत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जाऊन मॉडेल नंबर टाका आणि तिथला ड्रायव्हर घ्या. भलत्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

निपाणीकर
तेच लिहिलंय बघा, बेसिक. संध्याकाळी बघतो.

मलप्रभाकाठ
काका, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर आहे. मी तरी केला नव्हता, की अपडेट करून देणाऱ्या मुलाने केला कोण जाणे. ॲपमध्ये सगळ्यात वर क्लाउडवाला फोल्डर सिंक करणारं ॲप, मग ब्राउझर, मग टॅली.

खडेबाजार-सोल्डर
टॅलीचा डेटा कुठं ठेवलाय?

मलप्रभाकाठ
डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये. पटकन सापडतो म्हणून.

खडेबाजार-सोल्डर
आणि अपडेट झाल्यावर “तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स क्लाउडवर सुरक्षित ठेवू का” असं विचारलं असणार, आणि कुणीतरी होय म्हटलं असणार. आता तुम्ही टॅलीत एक नोंद मारली की फाइल बदलते, बदलली की ती वर चढवायला निघते. तुमच्याकडं नेट काय वेगाचं असणार ते जांबोटीचं जंगल बघून कळतंयच. अर्धी चढते, तुटते, परत पहिल्यापासून. वायफाय आणि प्रोसेसर दोघांना पण झोप नाही. बॅटरीचं राहू दे, चालू असलेला टॅलीचा डेटा असल्या फोल्डरमध्ये ठेवला तर हिशेबच बिघडायची भीती. तो आजच्या आज डेस्कटॉपवरनं हलवा. बॅकअप टॅलीतनं वेगळा घ्या आणि ती बॅकअपची फाइल पाहिजे तर क्लाउडवर टाका.

पॉवर मोड बॅटरीवर असताना ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ ठेवा. टॅलीला आणि ब्राउझरला तेवढं भरपूर होतंय.

आणखी एक. लाईट गेल्यावर नेट कुठनं घेता?

मलप्रभाकाठ
राउटरला लावलेला छोटा यूपीएस उन्हाळ्यात बिघडला. तेव्हापासून मोबाईलचा हॉटस्पॉट. मोबाईलही उतरतो म्हणून तो लॅपटॉपला केबलने लावून ठेवते.

मच्छे-हॉस्टेल
ताईईई 😄 लॅपटॉपची बॅटरी फोनला पाजताय! साध्या यूएसबीतून अडीच ते साडेचार वॅट जातात, वेगवान पोर्ट असेल तर त्याहून जास्त. हॉटस्पॉट चालू असलेला फोन तर घेतच राहतो.

मलप्रभाकाठ
हे डोक्यातच आलं नाही कधी. म्हणजे यूपीएस बिघडला आणि विंडोज बदललं हे एकाच सुमाराला झालं, आणि मी सगळं विंडोजच्या नावावर लिहीत बसले.

भालकीकर
आमच्या बिदरकडं पाऊस कमी, पन ऊन बगा कसलं! एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसून काम. माज्या लॅपटॉपचा टचपॅड एका कोपऱ्यातून वर आलाय, क्लिक होत न्हाई. अपडेटमुळं ड्रायव्हर गेला आसंल का?

खडेबाजार-सोल्डर
भालकीचे दादा, ड्रायव्हर राहू दे, लॅपटॉप आत्ता बंद करा. चार्जर लावू नका. टचपॅड वर येतोय म्हणजे बहुतेक खालची बॅटरी फुगलीय. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी मारून हवा सोडायचा उद्योग तर बिलकुल नको, लिथियम पेटतंय. गादीवर, गवताजवळ ठेवू नका. फरशीवर किंवा लोखंडी टेबलावर ठेवा आणि दुकानात नेऊन बॅटरी काढून घ्या. आत डेटा असला तर असू दे, हार्ड डिस्क कुठं पळून जात नाही.

भालकीकर
बाप रे. बंद केलो. उद्या बिदरला नेतो.

जोयडा-काळी
सुप्यापलीकडून लिहितो. आमच्याकडे लाईट नसणे हीच रोजची गोष्ट, त्यामुळे वेगळा प्रश्न विचारतो. कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते ना? बॅटरीचं आयुष्य वाढतं म्हणतात. पण आमच्यासारख्यांनी ते २० टक्के सोडून द्यायचे म्हणजे लाईट गेल्यावर अर्धा-पाऊण तास कमी. मग फायदा कोणाचा?

उद्यमबाग-लेथ
फायदा कंपनीचा. 😀 बॅटरी पैसे देऊन घेतली ती १०० टक्के वापरायला.

मच्छे-हॉस्टेल
उलट आहे. कंपनीचा फायदा तुम्ही लवकर नवीन घेण्यात. लेनोवो व्हँटेज, मायआसुस, डेल, एचपी, सगळ्यांनी ॲपमध्ये नाहीतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ही सोय दिलेली आहे. आणि ८० च्या वरचं चार्जिंगच बॅटरीला जास्त ताण देतं.

खडेबाजार-सोल्डर
जोयड्याच्या दादांचा प्रश्न बरोबर आहे, आणि पुण्या-बेंगळुरात बसून लिहिणाऱ्यांना तो सुचत नाही. तिथं लाईट जातच नाही म्हणून “८० वर ठेवा” म्हणणं सोपं आहे.

माझं मत सांगतो. हे वर्षभर एकसारखं ठेवायचं कामच नाही. दसऱ्यापासून मेपर्यंत ८० वर लावा. त्या दिवसांत लाईट जास्त नियमित असते आणि ऊन पण तेव्हाच, म्हणजे १०० वर ठेवायचं नुकसान तेव्हाच सगळ्यात जास्त. मिरगाचं नक्षत्र लागलं की १०० वर करा. हवा गार असते, त्यामुळं झीज कमी, आणि गरज तेव्हाच असते. असं केलं तर वर्षातले सात-आठ महिने बॅटरीला आराम आणि पावसाळ्यात पूर्ण टाकी. तुमच्याकडं उन्हाळ्यात पण लाईट दिवसदिवस जात असली तर मग १०० वरच ठेवा आणि बॅटरी लवकर झिजणार म्हणून दोन पैसे बाजूला टाका. बॅटरी माणसासाठी आहे, माणूस बॅटरीसाठी नव्हे.

जोयडा-काळी
हे पटलं. शाळेतल्या लॅपटॉपांनाही असंच करतो.

कुंदाबहाद्दर
मघाशी लिनक्स टाका म्हणालो त्यावर कुणी बोललंच नाही. उबुंटू नावाच्या लिनक्सवर माझी बॅटरी जास्त चालते, गंमत नाही.

मलप्रभाकाठ
दादा, टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचा टोकनही तिथेच बसवलेला. शिवाय तालुक्याच्या कार्यालयातून येणारे कन्नड कागद नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले असतात. मी कुठे कुठे धावू?

मच्छे-हॉस्टेल
लिनक्सवर पण सगळं आपोआप होतं असं नाही. माझ्या उबुंटूला नवीन आवृत्ती टाकल्यावर बॅटरी घसरली होती. टीएलपी टाकलेलं आणि वर पॉवर-प्रोफाइल्स-डेमन पण चालू, बॅटरी वाचवायची ही दोन्ही सॉफ्टवेअरं एकमेकांच्या सेटिंग ओढत होते. दोन्हीतलं एकच ठेवायचं असतं. मग ‘पॉवरटॉप’नं कोण जागं ठेवतंय ते बघितलं.

धागारक्षक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. ‘बेळगाव लिहायचं की बेळगावी’ यावर आधीच वेगळा धागा आहे, तिथे भांडा. इथे फक्त बॅटरी.

मलप्रभाकाठ
हिशेब देते. बॅटरीइन्फोव्ह्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात चालू खर्च वॅटमध्ये दिसतो. चार्जर काढून बघितलं तर १६ च्या आसपास होता. फोनची केबल काढली, ११ झाला. टॅलीचा डेटा हलवला, क्लाउडचं सिंक थांबवलं, पॉवर मोड बदलला, तेव्हा ८ वर आला. पंखा गप्प. राउटरला नवा छोटा यूपीएस आणायचाय, तोवर फोनसाठी पॉवर बँक.

पण बॅगेत गरम होण्याचं तसंच आहे.

खडेबाजार-सोल्डर
८ वॅट म्हणजे तीन तास, चांगलं झालं. बॅगेचं दुखणं वेगळं आहे.

टर्मिनलमध्ये परत ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ, आणि फक्त ‘ए’. तुमच्या मशीनला झोपेचे कुठले प्रकार येतात त्याची यादी निघते. त्यात ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसलं तर त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. जुन्या ‘एस३’ झोपेत मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद व्हायचं. ह्या नव्या झोपेत मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं असतंय, मधे मधे उठून मेल बघतंय, अपडेट शोधतंय. टेबलावर असलं तर चालून जातंय. बॅगेत हवा नाही, एखादा ड्रायव्हर नीट झोपला नाही की आतल्या आत तापतंय. आणि ती उष्णता बॅटरीलाच लागते, म्हणजे तिथं पण झीज.

इलाज म्हणजे झाकण लावल्यावर स्लीप नको, हायबरनेट. त्यात सगळं डिस्कवर लिहून मशीन खरंच बंद होतंय. ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग तिरकी रेघ ‘हायबरनेट’, मग ‘ऑन’. नंतर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला झाकण लावल्यावर काय करायचं ते असतंय. ‘ऑन बॅटरी’च्या खाली हायबरनेट निवडा. उघडताना थोडं उशिरा उघडेल, तेवढं सोसा.

मलप्रभाकाठ
यादीत एस०च आहे. पण काका, विंडोज १० वर असताना हे होत नव्हतं.

खडेबाजार-सोल्डर
झोपेचा प्रकार मशीनवर ठरतो, विंडोज १० वर पण तुमचा एस०च असणार. आधी कुणीतरी झाकणाला हायबरनेट लावून दिलेलं असेल, आणि अपडेटमध्ये असल्या सेटिंग कधी कधी मूळपदावर जातात. इंटरनेटवर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग, बदलून जबरदस्तीनं एस३ आणायचे उपाय सापडतील, ते करू नका. बायोसनं दिलंच नसलं तर मशीन झोपतंय आणि उठतच नाही, असली दोन-तीन दुकानात येऊन गेलीत.

निपाणीकर
ड्रायव्हर घातला. ब्राइटनेस कमी होतोय! मच्छेच्या भावाला आमच्याकडनं जेवण लागू.

मच्छे-हॉस्टेल
हॉस्टेलचं जेवण बघता हे मी सोडणार नाही.

बेळगुंदी-रताळं
वाचतोय सगळं. माझ्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज ९० टक्के आहे, तरी ४० टक्के दाखवत असताना मशीन धाडकन बंद पडतं. हे कशात मोडतं?

खडेबाजार-सोल्डर
मोजणारा काटा चुकलाय. बॅटरीत एक छोटी चिप असते, ती आत किती उरलंय याचा अंदाज धरते. कायम चार्जरवर असलेल्या मशीनमध्ये तो अंदाज भरकटतो. एकदा पूर्ण चार्ज करा, मग चार्जर काढून मशीन स्वतः बंद होईपर्यंत चालवा, मग न तोडता परत १०० पर्यंत. रोज करायचं काम नव्हे हे, बॅटरी पूर्ण रिकामी करणं तिला मानवत नाही. त्यानंतर पण ४० वर पडत असलं तर एखादा सेल गेला, मग बदलायलाच पाहिजे. रिपोर्टमधल्या त्या ९० वर पण तेव्हा विश्वास ठेवू नका, तो पण त्याच चिपचा आकडा.

मलप्रभाकाठ
काका, आता शेवटचा प्रश्न. ६० टक्क्यांवरची बॅटरी बदलू की राहू दे? आणि बदलायची तर कोल्हापूरला स्वस्त मिळते म्हणतात.

उद्यमबाग-लेथ
बदला म्हणून पहिल्या दिवसापासून सांगतोय.

खडेबाजार-सोल्डर
तुम्हाला तीन तास पुरतात काय ते तुम्ही ठरवा. ११ आणि २० तारखेला पुरत नसतील तर बदला, त्यात लाज कसली. नवीन ४१ ची घातली तर ८ वॅटवर पाच तास निघतील. खरं हेच नळ बंद न करता बदलली असती तर १६ वॅटवर अडीच तास मिळाले असते आणि तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या.

कोल्हापूर असू दे नाहीतर बेळगावचं खडेबाजार, बघायच्या गोष्टी त्याच. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे. व्होल्टेज जुळलं पाहिजे, दोन सेलची ७.६ च्या आसपास असते आणि तीन सेलची ११.४ च्या आसपास, एकाच्या जागी दुसरी चालत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक छापलेला बघा. छापलेलं खोटं पण असतंय, म्हणून बसवल्यावर दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. डिझाइन ४१ छापून फुल चार्ज ३० दाखवत असेल तर तिथल्या तिथं परत करा. बिल घ्या. शंभर किलोमीटरवरच्या दुकानात वॉरंटीसाठी हेलपाटे घालण्यात जे जातंय ते स्वस्ताईत धरा.

भालकीकर
बिदरात बॅटरी काढली. निस्ती उशीवानी फुगली होती. दुकानदार म्हनला, “घेऊन जा, माज्याकडं नको.” हिचं काय करू?

मच्छे-हॉस्टेल
कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथं दाबली गेली की आग लागते. टोकांवर चिकटपट्टी लावा, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, घराबाहेर सावलीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर ई-कचऱ्याचं पान असतं, त्यावरच्या नंबरला फोन करून तुमच्या भागातलं संकलन केंद्र विचारा. फुगलेली आहे हे आधी सांगा, तसली कुरिअरनं घेत नाहीत.

भालकीकर
वाळू आनली. फोन उद्या सकाळी लावतो.